ग्रीक आरोग्यदेवतेची उपासना : रुग्णाचा नवस आणि नगराची पूजा

वैद्यकाच्या इतिहासाशी ज्यांचा थोडाफार परिचय आहे त्यांना हिप्पोक्रेटिसची शपथ ठाऊक असते. या शपथेच्या आरंभी अपोलो, अस्क्लेपिओस, हिगिएया आणि पानाकेया या देवतांना साक्षी ठेवले आहे. अस्क्लेपिओस हा ग्रीकांचा वैद्यदेव. हिगिएया म्हणजे मूर्तिमंत आरोग्य आणि पानाकेया म्हणजे सर्व रोगांवरील उपाय. या दोघी त्याच्या कन्या मानल्या जात. त्याच्या हातातील सर्पवेष्टित दंड आजही जगभर वैद्यकाचे चिन्ह म्हणून वापरला जातो. सर्वसाधारण ग्रंथांतून एवढी माहिती मिळते आणि तिच्यापुढे बहुधा एक वाक्य येते, ते असे की या देवाच्या मंदिरांत पुजारी-वैद्य रुग्णांवर उपचार करीत असत.

हे वाक्य आम्हांस तपासून पाहण्याजोगे वाटते. मंदिरांच्या परिसरात सापडलेले शिलालेख वाचू लागले की रुग्णावर उपचार करणारा पुजारी त्यांत जवळजवळ कोठेच भेटत नाही. भेटतो तो मंदिराची व्यवस्था पाहणारा, नगराच्या वतीने यज्ञ करणारा, दंड वसूल करणारा अधिकारी. उपचार करतो देव, तोही रुग्णाच्या स्वप्नात. आणि रुग्ण स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या खर्चाने, स्वतःची प्रार्थना घेऊन तेथे आलेला असतो. या उपासनेतील व्यक्तीचा वाटा कोणता, नगराचा वाटा कोणता आणि या दोहोंमध्ये वैद्य कोठे उभा होता, हे प्रस्तुत लेखात आपण पाहणार आहोत. आपल्या शास्त्रात दैवव्यपाश्रय चिकित्सेला निश्चित स्थान दिलेले असल्यामुळे हा विषय आयुर्वेदाच्या अभ्यासकास परका वाटू नये.

एपिडॉरस येथील रात्र

अस्क्लेपिओसचे सर्वांत प्रसिद्ध क्षेत्र म्हणजे दक्षिण ग्रीसमधील एपिडॉरस. येथे येणारा रुग्ण प्रथम स्नान करी, अल्पसे नैवेद्य अर्पण करी आणि रात्री ‘अबाटोन’ नावाच्या वास्तूत झोपे. या शब्दाचा अर्थच ‘जेथे सहजी पाऊल टाकता येत नाही ती जागा’ असा आहे. झोपेत देव दर्शन देई. कधी हाताने स्पर्श करी, कधी शस्त्रकर्म करी, कधी त्याचा सर्प किंवा श्वान व्रण चाटून जाई. सकाळी रुग्ण बरा होऊन बाहेर पडे, अशी श्रद्धा होती. ही सर्व घटना अत्यंत खासगी आहे. स्वप्न एकट्याचे असते, त्याला साक्षीदार नसतो.

परंतु त्याच स्वप्नांचे पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. इ.स.पू. चौथ्या शतकात एपिडॉरसच्या मंदिराने अशा अनेक कथा संकलित करून मोठ्या शिलापट्टांवर कोरविल्या आणि आवारात उभ्या केल्या. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पौसानिआस हा प्रवासी तेथे गेला तेव्हा त्याला असे सहा शिलापट्ट शिल्लक दिसले. पूर्वी याहून अधिक होते असे तो नोंदवितो. आज त्यांपैकी सुमारे ७० कथा आपल्याला वाचता येतात. प्रत्येक कथेत रुग्णाचे नाव, बहुधा गाव, व्याधी आणि स्वप्न एवढेच असते. एखाद्या वैद्याच्या नोंदवहीची आठवण व्हावी इतकी ही मांडणी नेटकी आहे.

पहिलीच कथा क्लेओ नावाच्या स्त्रीची आहे. ती पाच वर्षे गर्भवती होती. अबाटोनमध्ये झोपून ती बाहेर आली आणि मंदिराच्या सीमेबाहेर पडताच तिला पुत्र झाला. कथेतील चमत्कार बाजूला ठेवू. त्यातील ‘सीमेबाहेर’ हा तपशील आम्हांस अधिक बोलका वाटतो. एपिडॉरसच्या पवित्र आवारात कोणाचा जन्म होता कामा नये आणि कोणाचा मृत्यूही होता कामा नये, असा कडक नियम होता. देवाने केलेल्या चमत्कारालासुद्धा क्षेत्राचा नियम पाळावा लागला, असे ही कथा वाचकाला न बोलता सांगते. या नियमामुळे आसन्नप्रसवा स्त्रिया व मरणासन्न रुग्ण उघड्यावर पडत. पौसानिआसच्या काळात अँटोनिनस नावाच्या रोमन सिनेटसदस्याने त्यांच्यासाठी सीमेबाहेर स्वखर्चाने एक वास्तू बांधून दिली. नियम सार्वजनिक, त्यामुळे होणारा क्लेश व्यक्तीचा आणि त्यावरील उपायही एका व्यक्तीच्या दातृत्वातून आलेला, अशी ही गुंतागुंत आहे.

दुसरी एक कथा वैद्यवाचकांनी अवश्य लक्षात घ्यावी. स्पार्टाच्या प्रदेशातील आराता नावाच्या तरुणीला उदररोग झाला होता. ती घरीच राहिली आणि तिच्या ऐवजी तिची आई एपिडॉरसला जाऊन झोपली. देवाने मुलीचे मस्तक कापून देह उलटा टांगला, साचलेले पाणी वाहू दिले आणि मस्तक पुन्हा जोडले, असे स्वप्न आईला पडले. घरी परतल्यावर मुलीलाही तेच स्वप्न पडले होते आणि ती बरी झाली होती असे कळले. जलोदरात संचित जल काढून टाकावे हा विचार येथे स्वप्नाच्या रूपात आला आहे. सुश्रुताने नाभीच्या खाली डाव्या बाजूस व्रीहिमुख शस्त्राने वेध करून जल काढण्याचा जो विधी सांगितला आहे, त्याच्याशी या स्वप्नाची तुलना होऊ शकत नाही. कारण एक शस्त्रकर्म आहे व दुसरी श्रद्धाकथा. मात्र रुग्णाच्या वतीने नातलगाने उपासना करण्याची मुभा होती, हे या कथेवरून निःसंशय कळते.

नवस आणि त्याची फेड हा या कथांतील नित्याचा विषय आहे. अथेन्सची अँब्रोसिया एका डोळ्याने आंधळी होती. लंगडे चालू लागले, आंधळे पाहू लागले हे ऐकून ती मंदिरात हसत फिरली. देवाने तिला बरे केले, पण आपल्या अज्ञानाची आठवण म्हणून चांदीचे डुक्कर अर्पण करण्याची आज्ञा केली. थासोस बेटाच्या हेर्मोनने दृष्टी मिळाल्यावर दक्षिणा दिली नाही, तेव्हा त्याला पुन्हा अंधत्व आले. परत येऊन झोपल्यावर ते गेले. याउलट एउफानेस नावाच्या मुलाला अश्मरी झाली होती. बरा केल्यास काय देशील असे देवाने विचारता त्याने ‘दहा सोंगट्या’ असे उत्तर दिले. देव हसला आणि त्याने मुलाला बरे केले. ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे द्यावे, पण द्यावे, असा या शिलापट्टांचा रोख आहे. मंदिराने त्या उभारल्या त्यामागे हा हेतूही असणार, हे नाकारण्यात अर्थ नाही.

ओरोपोसचा नियमलेख

व्यक्ती आणि नगर यांच्यातील सीमारेषा नेमकी कोठे होती, याचे सर्वांत स्पष्ट उत्तर एपिडॉरसला मिळत नाही. ते अ‍ॅटिका व बिओटिया यांच्या सीमेवरील ओरोपोस येथे मिळते. तेथील देवता अँफिआराओस ही अस्क्लेपिओसहून वेगळी असली तरी मंदिरात झोपून आरोग्य मिळविण्याचा विधी तोच होता. इ.स.पू. चौथ्या शतकाच्या पूर्वार्धातील तेथील एक शिलालेख म्हणजे या क्षेत्राची नियमावलीच आहे. तिच्याकडे आपण थोडे सविस्तर पाहू.

हिवाळा संपल्यापासून नांगरणीच्या हंगामापर्यंत पुजाऱ्याने मंदिरात उपस्थित राहावे. तीन दिवसांहून अधिक सलग गैरहजर राहू नये आणि प्रत्येक महिन्यात किमान दहा दिवस तेथे मुक्काम करावा, असे पहिले कलम आहे. यावरून पुजारी तेथे कायम राहत नसे, हे उघड होते. त्याच्या गैरहजेरीत मंदिराचा सेवक, ज्याला ‘नेओकोरोस’ म्हणत, तो काम पाही. उपचारासाठी आलेल्याने या सेवकासमक्ष देवाच्या पेटीत खऱ्या चांदीचे किमान नऊ ओबोल टाकावेत. त्याचे नाव व गाव फलकावर लिहून तो फलक ज्याला पाहावयाचा असेल त्याला दिसेल असा मंदिरात लावावा. शयनगृहात पुरुषांनी वेदीच्या पूर्वेस व स्त्रियांनी पश्चिमेस झोपावे. बळीचे मांस आवाराबाहेर नेऊ नये. आवारात कोणी गैरवर्तन केल्यास पुजाऱ्याने पाच द्राख्मांपर्यंत दंड करावा.

आमच्या मते या लेखातील सर्वांत महत्त्वाचे कलम प्रार्थनेविषयीचे आहे. पुजारी उपस्थित असेल तेव्हा त्याने बळीवर प्रार्थना म्हणावी व बळी वेदीवर ठेवावा. तो नसेल तेव्हा यज्ञ करणाऱ्याने हे स्वतः करावे. उत्सवाच्या यज्ञात प्रत्येकाने आपल्या बळीसाठी स्वतः प्रार्थना करावी, मात्र सार्वजनिक बळींसाठी पुजाऱ्याने प्रार्थना करावी. म्हणजे रुग्ण आणि देव यांच्यामध्ये पुजाऱ्याची उपस्थिती अपरिहार्य नव्हती. ज्याची व्याधी त्याचा शब्द देवापर्यंत थेट पोहोचत होता. पुजारी अपरिहार्य होता तो नगराच्या प्रार्थनेसाठी, कारण नगराला स्वतःचे मुख नसते. कोणीतरी त्याच्या वतीने बोलावे लागते. बळीचा खांदा हा पुजाऱ्याचा मान होता. पण उत्सवाच्या काळात तो केवळ सार्वजनिक बळींचाच मिळे. ज्या यज्ञात त्याचे काम नाही त्यात त्याचा वाटाही नाही, इतका हा हिशेब चोख होता.

फलकावर नाव लावण्याच्या नियमाकडेही लक्ष द्यावे. आज रुग्णाची ओळख गुप्त ठेवणे हे आपण कर्तव्य मानतो. ओरोपोस येथे स्वप्न खासगी होते, पण कोण आले व कोठून आले हे जाहीर होते. त्यामुळे पैसे भरल्याची नोंद उघड राही आणि सेवकाला लबाडी करण्यास वाव कमी उरे. अशा लबाडीची थट्टा त्या काळी रंगभूमीवरही होत असे. अ‍ॅरिस्टोफनीसच्या इ.स.पू. ३८८ मधील ‘प्लुटोस’ या नाटकात रात्री दिवे मालवल्यावर मंदिरातील पुजारी वेद्यांवरील खाऊ गोळा करून पोतडीत भरतो, असे एक दास मिस्कीलपणे सांगतो.

खासगी स्थापना, सार्वजनिक पुजारी

अथेन्समध्ये हा देव आला तो नगराच्या ठरावाने आला नाही. इ.स.पू. ४३० मध्ये तेथे भीषण महामारी उद्भवली होती आणि तिचे घाव ताजे होते. इ.स.पू. ४२०-४१९ मध्ये तेलेमाखोस नावाच्या एका खासगी गृहस्थाने अस्क्लेपिओसला झेआ बंदरावरून नगरात आणले आणि अ‍ॅक्रोपोलिसच्या दक्षिण उतारावर त्याचे स्थान उभारले. ही हकीकत त्यानेच उभारलेल्या शिलास्तंभावरून कळते. केरिकेस या प्रतिष्ठित पुरोहित-घराण्याने जागेबद्दल वाद घातला, नंतर महाद्वार बांधले गेले, झाडे लावली गेली, असे वर्षवार उल्लेख त्यात आहेत. आपणच प्रथम स्थापना केली हे तेलेमाखोस आवर्जून कोरवितो. त्याच्या स्वरात अभिमान आहे आणि आपले श्रेय कोणी हिरावून घेईल ही धास्तीही असावी.

ती धास्ती निराधार नव्हती. इ.स.पू. चौथ्या शतकात अथेन्स नगराने हे मंदिर आपल्या व्यवस्थेखाली घेतले. पुजारी दरवर्षी नवा, गणांच्या क्रमाने आणि चिठ्ठी टाकून निवडला जाऊ लागला. ज्याची निवड चिठ्ठीने होते तो वैद्यकात निपुण असावा ही अपेक्षाच कोणी करीत नसणार. पुजारी-वैद्य या कल्पनेला अथेन्समध्ये तरी येथेच बाधा येते. हा पुजारी नगरसभा व जनता यांच्या आरोग्यासाठी यज्ञ करी, त्याचे फल शुभ आले असे सभेपुढे निवेदन करी आणि वर्ष संपताना मंदिरातील वस्तूंचा हिशेब पुढच्याच्या स्वाधीन करी. अशा वस्तूंच्या याद्या दगडावर कोरलेल्या मिळाल्या आहेत. त्यांत भक्तांनी वाहिलेल्या शरीरावयवांच्या प्रतिकृती आहेत आणि त्यांत डोळ्यांची संख्या सर्वाधिक आहे. देवीला चांदीचे डोळे वाहण्याची आपल्याकडील रीत किंवा मुंबईत वांद्र्याच्या माउंट मेरी येथे वाहिले जाणारे मेणाचे अवयव ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या याद्या वाचताना फार दूर गेल्यासारखे वाटणार नाही.

हे नवस वैयक्तिक होते, पण वाहिल्यावर ती वस्तू सार्वजनिक होई. अथेन्समध्येच ‘वैद्यवीर’ म्हणून पूजिल्या जाणाऱ्या एका देवतेच्या मंदिरात इ.स.पू. तिसऱ्या शतकाच्या अखेरीस लहान लहान चांदीच्या वस्तू वितळवून देवासाठी पात्र करण्याचे ठरले. त्यासाठी नगराने ठराव केला, देखरेखीस माणसे निवडली आणि ज्यांच्या वस्तू वितळविल्या त्या भक्तांची नावे शिलेवर कोरविली. वस्तू गेली, नाव राहिले.

पर्गामोन येथे हाच प्रश्न निराळ्या रीतीने सुटला. शिकारीत जायबंदी झालेला आर्किआस एपिडॉरसला बरा झाला आणि त्याने देवाला आपल्या नगरात आणले, असे पौसानिआस सांगतो. पुढे नगराने शिलालेख करून पौरोहित्य आर्किआसच्या वंशजांकडे कायम ठेवले, त्यांचा मान व करमाफी निश्चित केली. रोमची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. इ.स.पू. २९३ मधील साथीनंतर तेथील राज्यानेच एपिडॉरसला दूत पाठविले आणि इ.स.पू. २९१ मध्ये देवाचा सर्प टायबर नदीतील बेटावर आणला.

सामान्य स्त्रियांचे चित्र पाहावयाचे असेल तर हेरोदास या कवीचा चौथा नाट्यसंवाद वाचावा. त्यातील प्रसंग कॉस बेटावरचा मानला जातो. दोन मैत्रिणी पहाटे कोंबडा घेऊन मंदिरात येतात. आपण श्रीमंत असतो तर बैल आणला असता, असे देवाला सांगतात, मूर्ती पाहून थक्क होतात, सेवकाला कोंबड्याची तंगडी देतात आणि उरलेले घरी खाऊ म्हणून निघतात. ओरोपोसप्रमाणे मांस बाहेर नेण्यास येथे बंदी दिसत नाही. या सर्व व्यवहारात पुजारी कोठेही येत नाही.

नगराची प्रार्थना आणि वैद्यांचा यज्ञ

सार्वजनिक बाजूचे उत्कृष्ट उदाहरण म्हणजे इ.स.पू. ३०० च्या सुमाराचा एपिडॉरसच्या इसिल्लोसचा लेख. नगरातील उत्तम पुरुष निवडावेत. त्यांनी शुभ्र वस्त्रे परिधान करून, केस मोकळे सोडून, अपोलोसाठी लॉरेलच्या व अस्क्लेपिओससाठी ऑलिव्हच्या माळा घेऊन मिरवणुकीने जावे. सर्व नागरिकांना व त्यांच्या संततीला आरोग्य, नगरात सुव्यवस्था, शांती व समृद्धी मागावी, असे त्याने सांगितले आहे. येथे आरोग्याची मागणी सुव्यवस्थेच्या व शांतीच्या पंक्तीत बसली आहे. चरकाचार्यांनी विमानस्थानात जनपदोद्ध्वंसाचा विचार करताना व्याधीचा संबंध वायु, उदक, देश व काल यांच्याशी आणि त्यांच्या मुळाशी असलेल्या अधर्माशी जोडला आहे, त्याची येथे आठवण होते. हे साम्य विचाराचे आहे. परस्परांकडून उसने घेतल्याचा दावा आम्ही करीत नाही.

आणि वैद्य? अबाटोनच्या रात्रीत त्याला जागा नव्हती. पण दिवसाच्या यज्ञात होती. अथेन्सच्या इ.स.पू. तिसऱ्या शतकातील एका ठरावात पुढील परंपरा नमूद आहे. नगराच्या सेवेत असलेल्या वैद्यांनी वर्षातून दोनदा अस्क्लेपिओस व हिगिएया यांना यज्ञ अर्पण करावा; तो स्वतःसाठी आणि ज्या ज्या देहांना त्यांनी बरे केले त्यांच्यासाठी. रुग्ण स्वतःसाठी प्रार्थना करतो, पुजारी नगरासाठी करतो, वैद्य मात्र आपल्या व आपल्या रुग्णांच्या वतीने उभा राहतो. वैद्याचे हे तिसरे स्थान या साऱ्या सामग्रीत आम्हांस सर्वाधिक मोलाचे वाटले. देव बरे करतो आणि आम्हीही बरे करतो, या दोन विधानांत त्या वैद्यांना विरोध दिसला नाही.

त्यांची अडचण वेगळीच होती. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील गॅलेन हा पर्गामोनचा. वडिलांना पडलेल्या स्वप्नामुळे तो वैद्यकाकडे वळला आणि स्वतःला तो अस्क्लेपिओसचा सेवक म्हणवीत असे. तो एके ठिकाणी लिहितो की, देवाने पंधरा दिवस पाणी पिऊ नको म्हटले तर रुग्ण ऐकतात. तेच पथ्य वैद्याने सांगितले तर कोणी ऐकत नाही. आमच्या व्यवसायबंधूंना या वाक्यावर भाष्याची गरज भासू नये.

ख्रिस्ती धर्म राजधर्म झाल्यावर या उपासनेचे सार्वजनिक अंग प्रथम गळून पडले. उत्सव बंद झाले, नगराचा पुजारी उरला नाही, सभेपुढे निवेदन करावयास सभाही उरली नाही. इसवी सनाच्या पाचव्या शतकात अथेन्समध्ये प्रोक्लोस हा तत्त्वज्ञ राहत होता, इ.स. ४८५ मध्ये तो निवर्तला. त्याचा शिष्य मारिनोस याने लिहिलेल्या चरित्रात एक प्रसंग आहे. अस्क्लेपिगेनेया नावाची एक तरुण मुलगी अत्यवस्थ झाली आणि वैद्यांनी आशा सोडली. तेव्हा प्रोक्लोस एका सहकाऱ्याला घेऊन अस्क्लेपिओसच्या मंदिरात गेला. ते त्या वेळी अजून उभे होते. त्याने जुन्या रीतीने प्रार्थना केली आणि मुलगी बरी झाली. प्रोक्लोसचे घर मंदिराच्या जवळच होते, त्यामुळे लोकांच्या नजरेस न पडता त्याला तेथे जाता आले, असे मारिनोस लिहितो.